तट ढासळला

यू गेनशुईनं चाळीस वर्षं चिनीमातीचे कप घडवले. त्यामुळे लेक मानलिंग फोनसमोर बसून बघणाऱ्यांशी थेट गप्पा मारत कप विकायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "हा काय तमाशा लावलाय?" लेक दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहिली. वसंतोत्सवापासून दोघांत अबोला होता. पण हा पठ्ठ्या रोज दुपारी हू बाईच्या शेवयांच्या टपरीवर बसून फोनवर तिलाच चोरून बघायचा.

आज मानलिंगनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की कुणाला काही भावलं नाही तर आजपासून हे बास, चाक विकून नानचांग शहरात नोकरी धरायची. ते ऐकल्यापासून गेनशुईच्या घशाखाली शेवई उतरेना.

"कौतुक करा की मग," हू बाई म्हणाली. "फार आवडलं की पोरं चालू चित्रावरच सहाचे तीन आकडे टाकतात. आणि अगदीच गलबलून आलं की लिहितात, तट ढासळला."

"मला गलबलून येत नाही."

"हो, दिसतंय."

फोनवर मानलिंग कच्च्या कपाचा तळ कोरत होती. इतका नेमका हात त्याचा स्वतःचाही कधी बसला नव्हता. त्यानं चष्मा वर सारला, एका बोटानं एकेक सहा शोधला आणि पाठवला. तोवर कप तिच्या हातून सुटून फुटला होता. तुकड्यांवर त्याचे सहा-सहा-सहा झळकले.

"कोण हो तुम्ही?" मानलिंगचा आवाज कापरा झाला. "मजा वाटली? झालं मग, बंद करते."

हू बाईनं फोन ओढून झटकन लिहिलं, "थांब पोरी, लिहितोय," आणि फोन परत त्याच्या हातात कोंबला. त्यानं बोटानं एकेक अक्षर गिरवलं.

"तळ माझ्यापेक्षा चांगला कोरलास. पहिल्या वर्षी मी रोज फोडायचो, तुला कधी सांगितलं नाही. तट ढासळला. यू गेनशुई."

तिथं खाली नाव लिहायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पत्राखाली करावी तशी त्यानं सही ठोकली होती.

मग बघणाऱ्यांचे तट एकामागून एक ढासळायला लागले. अक्षरांची एवढी गर्दी झाली, की मानलिंग दिसेनाशी झाली. आवाज तेवढा आला.

"बाबा, जेवलात का?"

"अजून नाही," गेनशुई फोनला म्हणाला.

"तिला ऐकू जात नाही, उस्ताद." हू बाईनं त्याच्यापुढचा वाडगा उचलला. "दोन गल्ल्या तर आहेत. उठा."