सतरा आणि अठरा नंबरच्या जागा

गाडीतल्या अठ्ठेचाळीस जागांना खोळी शिवायच्या आणि त्यांतल्या दोन जागा मिळवायच्या, असा शिंपीणबाईंचा सौदा होता. जाडंभरडं कापड, दुहेरी शिवण. चार सुया मोडल्या, अंगठ्याला कायमचा घट्टा पडला. पैसे नकोत, हे त्यांनी गाडी चालवणाऱ्या गावच्या कमिटीच्या बैठकीत स्वतःच सांगितलं होतं. सणाच्या गाडीची शेवटची फेरी, सतरा आणि अठरा नंबर, शेजारी-शेजारी. बस्स.

भाजी घेताना दोन दुकानं फिरणारी बाई एवढा आतबट्ट्याचा व्यवहार कसा करते, याचं कमिटीला नवल वाटलं. कारण ठाऊक होतं फक्त त्यांच्या नवऱ्याला, आणि तो बोलणाऱ्यांतला नव्हता.

या छोट्या लाइनवर त्याने एकतीस वर्षं गार्डाची नोकरी केली. सणाला गाडी भरभरून जायची, म्हणून सणाला रजा नाही. दरवर्षी बाई जेवणाचा डबा घेऊन फलाटावर यायच्या. तो गाडीच्या शेवटच्या डब्यातून हात काढून तो घ्यायचा, हिरवं निशाण दाखवायचा आणि बोगद्यात दिसेनासा व्हायचा. त्या बोगद्यातून नवरा-बायको मिळून एकदाही गेले नव्हते. पुढे लाइन बंद पडली. मग गावातल्या रिकाम्या, हौशी माणसांनी गंज खरवडून ती पुन्हा उभी केली. पगार कुणालाच नव्हता. मान मात्र प्रत्येकाला हवा होता.

मोजणीचं काम बाईंकडे होतं. गाडी सुटण्याआधी डब्यातली डोकी मोजायची, चिठ्ठी लिहायची, गार्डाला द्यायची. चिठ्ठी हातात आल्याशिवाय गार्ड निशाण उचलत नाही. उभं कुणी नाही, मांडीवरचं मूलही मोजायचं. बोगद्याआधीच्या वळणावर उभी माणसं फेकली जातात, म्हणून हा नियम. कमिटीच्या चिटणिसांनी तो काचेच्या चौकटीत घालून प्रतीक्षालयात लावला होता.

शेवटच्या फेरीला डबा रंगीत पताकांनी सजला होता. मुलं खिडक्यांतून फुगे बाहेर काढत होती. नवऱ्याने इस्त्रीचा कोट घातला होता. बाई मोजत मोजत सतरा नंबरपाशी आल्या आणि थांबल्या. तिथे एक जाडजूड गृहस्थ बसले होते. अठरावर त्यांच्या सौभाग्यवती.

"चिटणीसभाऊ, हे कोण?"

चिटणिसांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "वहिनी, जरा समजून घ्या. रंगवाल्यांचे व्याही-विहीण आहेत. ऐनवेळी आले. त्यांनी इंजिनाला चार डबे रंग दिलाय. आता व्याह्यांसमोर त्यांची मान खाली घालायची का?"

"माझी घाला."

"तसं कसं म्हणेन मी? बाकांमधल्या वाटेत दोन स्टुलं टाकतो तुमच्यासाठी. तुम्ही चिठ्ठीत अठ्ठेचाळीसच लिहा."

"पन्नास माणसांना अठ्ठेचाळीस लिहू? चौकट तुम्हीच लावलीत ना?"

"मग पुढच्या वर्षी पहिला मान तुमचा!"

"माझा नवरा अठ्ठ्याहत्तरचा आहे. पुढच्या वर्षीचं त्याला विचारून सांगते."

तेवढ्यात विहीणबाईंनी हाताखालची खोळ चाचपली. "शिवण किती नीट आहे हो! कुणी केलं हे?"

"कमिटीने," चिटणीस म्हणाले.

बाईंच्या कानशिलापर्यंत आग चढली. अंगठ्यावरचा घट्टा त्यांनी मुठीत लपवला, नाहीतर तो चिटणिसांच्या नाकासमोर धरला असता.

"काही अडचण?" व्याह्यांनी विचारलं.

"छे छे," रंगवाला पलीकडून हसला. "शिवणकामाच्या बाई आहेत. तुम्ही बसा."

"अडचण एवढीच," बाई सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बसलाय त्या जागा आमच्या आहेत. तुम्ही उठल्याशिवाय चिठ्ठी नाही."

मागच्या बाकावरची एक आई दोन्ही मुलांना कवटाळत उठली. "मावशी, ह्यांना मी मांडीवर घेते. तुम्ही बसा."

"मांडीवरचंही मोजते मी. आणि तू कशाला उठतेस गं? ज्यांनी उठायचं त्यांना पाय आहेत."

व्याह्यांना एकाएकी खिडकीबाहेरचं फार सुंदर दिसायला लागलं. इंजिनाने शिटी दिली. मुलं कुरकुरू लागली.

मग नवरा हळूच खाली उतरला आणि फलाटावरून मागच्या डब्याकडे चालू लागला. बाई मागोमाग धावल्या.

"अहो, कुठे निघालात?"

"गार्डाच्या डब्यात दुसऱ्या गार्डाची जागा असते. माझं नाव अजून यादीत आहे."

"आणि मी?"

"तुझं नाही ना गं." त्याने मान खाली घातली. "गाडीला सात मिनिटं उशीर झालाय."

"तुमच्या गाडीला! मला पन्नास वर्षं झाली!"

आज गार्ड असलेल्या पोस्टमनने त्याला हात दिला, निशाणही त्याच्याच हाती दिलं. आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की बाईंचा राग दुप्पट झाला. निदान त्याने तरी दुःखी दिसावं!

डब्यात आता अठ्ठेचाळीस होते, उभं कुणी नाही; गाडी अडवायला नियम उरला नव्हता. बाईंनी चिठ्ठी लिहिली. एक प्रत गार्डाला दिली; दुसरी नियमाप्रमाणे प्रतीक्षालयात लावायची, ती हातात ठेवली.

म्हाताऱ्याने हिरवं निशाण दाखवलं. तसंच, खांद्याच्या वर, दोनदा. बाई फलाटावर तशाच उभ्या. या वेळी जेवणाचा डबासुद्धा हातात नव्हता.

गाडी बोगद्यात शिरल्यावर त्या प्रतीक्षालयात गेल्या आणि काचेच्या चौकटीखाली ती दुसरी प्रत टाचली. चिटणिसांना ती काढता येणार नव्हती. चिठ्ठी पुढच्या फेरीपर्यंत हलवायची नाही, हाही नियम त्यांचाच, आणि पुढची फेरी वर्षाने होती.

जागा: अठ्ठेचाळीस.
बसलेले: अठ्ठेचाळीस.
पैकी तिकीटवाले: सेहेचाळीस.
फलाटावर राहिलेले: एक.
सतरा व अठरा क्रमांकांचं भाडं: खोळी अठ्ठेचाळीस.
भरणारी: फलाटावर राहिलेली.