सरांनी निवडलेले मोठे मॉनिटर

शाळेच्या नव्या संगणक वर्गासाठी यंत्रं निवडायचं काम सरांनी नाही नाही म्हणत, पण दुसऱ्या कुणाला मिळू न देता, पदरात पाडून घेतलं. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर मोठ्या वर्गांना संगणक शिकवायला शाळेने त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हापासून त्यांची मान जरा ताठच होती.

"मी मुलांच्या जागी बसून निवड करणार," त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना बजावलं. "नाहीतर दुकानदार काय, गाढवही घोडा म्हणून गळ्यात मारेल."

आणि सर खरंच बसले. वर्गातली एक बुटकी खुर्ची काखोटीला मारून ते दुकानात गेले, तीन दिवस गेले. घाईतल्या मुलासारखी बटणं बडवून पाहिली. दोन कीबोर्डांवर चमचा चमचा पाणी सांडून पाहिलं, तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पायात वायर अडकते का, हे पाहताना ते स्वतःच खुर्चीसकट कलंडले, म्हणून वायरी बेतून आखूड घ्यायचं ठरलं. आणि मॉनिटर घेतले तेही चांगले ऐसपैस, चष्म्याशिवाय वाचता येईल असे.

विज्ञानाच्या बाईंनी बैठकीत सुचवलं होतं, "सर, छोटे लॅपटॉप घेऊ या ना. बोलताना झाकणं पाडायला सांगितलं की झालं."

"बाई, तो डबा झाला!" सर म्हणाले. "मुंगीएवढी अक्षरं. पोरांचे डोळे फोडायचेत का?"

सगळे हसले. सर स्वतः सगळ्यांपेक्षा थोडं जास्तच वेळ हसले.

दुकानदाराने तीस यंत्रं मांडून दिली आणि म्हणाला, "आठ दिवस वर्ग घेऊन बघा. पटलं तर सही करा. सही झाल्यावर मात्र परत नेणार नाही."

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर धडा लिहिला. एकच आज्ञा यंत्राकडून दहा वेळा कशी करवून घ्यायची, हा तो धडा. लिहून झाल्यावर ते सवयीने वर्गाकडे वळले आणि तसेच उभे राहिले. समोर मुलं नव्हती. तीस काळ्या पाठी होत्या आणि त्यांच्यावर केसांचे तीस झुपके.

"कळलं का?"

"हो, सर!" तीस मॉनिटर एका सुरात म्हणाले.

आता, "हो, सर" या दोन शब्दांवर सरांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. ते कपाळ वाचायचे. कुणाच्या भुवया जवळ आल्या, कुणाची नजर खिडकीकडे गेली, हे बघून न बोलावता त्या बाकापाशी जायचे. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी तर तोंड उघडून कधी काही विचारायचीच नाही. अडलं की ती वेणीचं टोक चावायची. सर त्या वेणीवर नजर ठेवून शिकवायचे. आता वेणी कुठे आणि टोक कुठे!

त्यांच्या लख्ख लक्षात आलं की, दुकानात आपण बसून बघितलं, वाकून बघितलं, पडूनसुद्धा बघितलं. फक्त उभं राहून बघितलं नाही. तीन दिवस मूल होण्याच्या नादात मास्तर दुकानाबाहेरच राहिला होता.

पण हे कबूल कोण करणार? त्यांनी उपाय सुरू केले. टाचा उंचावून शिकवलं. दोन दिवसांत पोटऱ्या भरून आल्या आणि ते घरातही चवड्यांवर चालू लागले.

"फळीवरचा डबा काढायचाय का?" बायकोने विचारलं.

"व्यायाम आहे."

"बरं. मग चेहरा का चोरासारखा झालाय?"

मग रांगांतून फिरून पाहिलं. पण मास्तर पाठीशी आला की कुठलंही मूल शहाण्यासारखं बसतं. टेबलं भिंतीकडे वळवून पाहिली, तर वायरी वीतभर कमी पडल्या. त्या कुणी बेतल्या होत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी त्यांनी मुलांचं काम तपासलं. प्रत्येकाने आपल्या आवडीचा शब्द दहा वेळा उमटवायचा होता. वेणीवालीच्या शेजारणीने आपल्या मांजराचं नाव उमटवलं होतं. वेणीवालीनेही नेमकं तेच.

मधल्या सुट्टीत सरांनी तिला थांबवलं. "तुझ्याकडे मांजर आहे?"

"नाही, सर."

"मग हे कुणाचं?"

वेणीचं टोक तोंडात गेलं. मग ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासूनच कळलं नाहीये."

"अगं, मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नेहमी आपणहून येता, सर. मी वाट बघत होते."

एवढी मोठी अक्षरं घेतली, आणि सात दिवस एक अख्खी मुलगी दिसली नाही.

आठव्या दिवशी दुकानदार कागद घेऊन आला. मुख्याध्यापिकाबाई होत्या, विज्ञानाच्या बाईही होत्या. सरांनी पेन उघडलं. सही केली असती, तर कुणाला कधी पत्ताही लागला नसता. मुलांनी सगळ्यांना "हो, सर" सांगितलंच असतं. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"परत न्या."

"काय बिघडलंय?" दुकानदार चमकला.

"मॉनिटर ठणठणीत आहेत. बिघाड निवडणाऱ्यात आहे." मग घसा खाकरून ते विज्ञानाच्या बाईंना म्हणाले, "बाई, तुमचे ते... लॅपटॉप."

"डबे म्हणायचंय का, सर?"

"डबेच. झाकणासकट."

बाई हसल्या, आणि थोडं जास्त वेळ हसल्या. तो त्यांचा हक्कच होता.

लॅपटॉप आले. सरांनी तोच धडा पुन्हा पहिल्यापासून फळ्यावर घेतला. "झाकणं पाडा," ते म्हणाले आणि वर्गाकडे वळले. तीस कपाळं जागेवर होती. तिसऱ्या रांगेत वेणी तोंडात गेली. सर फळा सोडून तिकडे निघाले.

"उघड बघू. कुठे अडलंय?"

ती बोट ठेवून दाखवू लागली. सर वाकले, आणखी वाकले. पडद्यावर मुंग्या होत्या. चष्मा फळ्यापाशी राहिला होता.

"दिसतंय ना, सर?"

"हो," सर म्हणाले.

मुलीने त्यांच्या कपाळाकडे एकदा नीट पाहिलं आणि आपणहून अक्षरं मोठी केली.