मागचा पुठ्ठा

सरकार बदललं तेव्हा शहरात सगळ्यात आधी कामाला जुंपला गेला तो फ्रेमवाला. बाकीचे अजून नाचत तरी होते, नाहीतर तोंड लपवून तरी बसले होते. चौकात फटाके फुटत होते. समोरच्या औषधवाल्याने दुःखाने दोन दिवस दुकानच उघडलं नाही. आणि शेजारचा चष्मेवाला, ज्याच्या छातीवर कालपर्यंत जुन्या पक्षाचा बिल्ला होता, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून "मी तर आधीपासून म्हणत होतो" असं सांगत सुटला होता. फ्रेमवाल्याला यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तो मतदानाला गेलाच नव्हता. दर वेळी बायकोबरोबर जायचा, आणि बायकोला जाऊन आता अकरा महिने झाले होते.

पण सरकार कुणाचंही येवो, कचेरीच्या भिंतीवर फोटो लागतोच. शहरात अशा एकतीस कचेऱ्या. जुने पंतप्रधान उतरवून नवे शनिवारच्या आत टांगा, असा हुकूम निघाला. उशीर झाला तर साहेबांच्या निष्ठेवर शंका, म्हणून साहेब हेडक्लार्कच्या मागे, हेडक्लार्क शिपायाच्या मागे, आणि एकतीस शिपाई फ्रेमवाल्याच्या दुकानात.

त्याची एक जुनी पद्धत होती. फोटो चौकटीत घट्ट बसायला मागे जाड पुठ्ठा लागतो. त्यासाठी नवा पुठ्ठा कशाला कापायचा? उतरवलेला फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेलाच असतो, मापही तेच. तो उलटा करून नव्याच्या मागे सरकवला की झालं. दर सत्ताबदलानंतर तो हेच करत आला होता. त्याची बायको खाकी कागदाने चौकटींची पाठ बंद करता करता म्हणायची, "हे लोक खुर्ची सोडत नाहीत हो, नुसते एक पाऊल मागे सरकतात." यंदा खाकी कागदही त्यानेच चिकटवला, आणि म्हणायला कुणी नव्हतं. तीन दिवसांत एकतीस चौकटी झाल्या. मान वर करायला फुरसत मिळाली नाही, हे त्याच्या दृष्टीने बरंच झालं.

रविवारी लेकीचा फोन आला. ती दूर दुसऱ्या देशात.

"बाबा, आईचा फोटो लावलात का?"

हे ती दर रविवारी विचारायची, आणि दर रविवारी तो सांगायचा की चौकटीला मनासारखी पट्टी आलेली नाही. फ्रेमवाल्याच्या घरी पट्टी नाही! चाळीस वर्षं त्याने अख्ख्या शहराची गेलेली माणसं चौकटीत बसवली, पण स्वतःच्या बायकोला बसवायची छाती होत नव्हती. पण तीन दिवस परक्या माणसाचा चेहरा पुसून पुसून त्याला स्वतःचीच लाज वाटली होती. "आज बसवतो," तो म्हणाला.

फोटो एकच होता. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात पळायची, त्यामुळे ओळखपत्रावरचा चेहरा स्टुडिओत मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवून घेतला होता, नेहमीच्या सरकारी मापाचाच. ओळखपत्र मृत्यूच्या दाखल्याच्या वेळी जमा झालं, आणि स्टुडिओवाला गाशा गुंडाळून कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटोत ती जराशी वैतागलेली होती, गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी. तो चेहरा बघवेना म्हणून त्याने फोटो दुकानातल्या फळीवर पालथा घालून ठेवला होता.

फळीवर एकच फोटो पालथा उरला होता. त्याने उलटून पाहिला. जुने पंतप्रधान हसत होते.

 उतरवलेले फोटो त्याने त्याच फळीवर, तसेच पालथे रचले होते, आणि घाईघाईत हाताला येईल तो उचलत गेला होता. म्हणजे एकतीसपैकी एका चौकटीत, नव्या पंतप्रधानांच्या मागे, ही होती. अकरा महिने जे हातून झालं नाही ते हातांनी न सांगता उरकून टाकलं होतं.

सोमवारी पिशवीत पक्कड, बारीक खिळे आणि खाकी कागद घेऊन तो निघाला. पोस्टात सगळे खो खो हसले. "काका, यांनाही उतरवायला आलात? अहो, अजून खुर्ची गरम व्हायचीय!" जमिनीच्या नोंदींच्या कचेरीतल्या बाईंनी दार लावून घेतलं आणि कुजबुजल्या, "जोरात काढा, तडा गेला तरी चालेल." दोन्हीकडे मागे जुने पंतप्रधानच निघाले. प्रत्येक ठिकाणी तो "खिळा सैल राहिलाय" एवढंच सांगायचा. बायको फोटोमागे अडकलीय हे कोणत्या तोंडाने सांगणार?

वीज कचेरीत मात्र चार-पाच जण त्याच्याभोवती गोळा झाले. चौकटीतून जुने पंतप्रधान बाहेर आलेले त्यांनी पाहिले, आणि त्यांचं डोकंच फिरलं. "हे बघा! आमच्या साहेबांच्या मागे यांना लपवून ठेवलंय! कोणाचा माणूस तू?" एकाने मोबाइल काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शहरभर झाला. चष्मेवाल्याने त्याच्याकडे बघणं सोडलं, आणि औषधवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा हात मिळवला. त्याला दोघांचंही काय करावं ते कळेना.

तरी गुरुवारपर्यंत त्याने तीस चौकटी उघडल्या. कुठे गयावया करून, कुठे ओळख काढून. तिसाव्या चौकटीतही जुने पंतप्रधान हसताना पाहून त्याला आनंदच झाला, कारण आता शोधायचं काही उरलं नव्हतं. ती उरलेल्या एकाच, मोठ्या कचेरीत होती, दर्शनी दालनात, पितळी स्क्रूंनी भिंतीला पक्की केलेली.

मोठ्या साहेबांना त्याने सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"काका, मला पटतंय तुमचं. पण मी जुन्या सरकारने बसवलेला माणूस. इथला प्रत्येक जण माझ्यावर डोळा ठेवून आहे, आणि तुमचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. हा फोटो पाच मिनिटं जरी खाली आला, तरी संध्याकाळी माझी उचलबांगडी."

"सुट्टीच्या दिवशी येतो, साहेब. कुणी नसताना."

"पहारेकरी असतो ना. त्याने तर पेढ्यांची पाकिटं वाटली परवा."

"साहेब, ती एकटी आहे हो तिथे," फ्रेमवाला म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठ दिवस झाले, माझ्याबरोबर डबा खायला कुणी बसत नाही," ते बाहेर बघत म्हणाले. "फोटोला हात लावू देता येत नाही मला. पण समोर बाक आहे. तिथे बसायला काही परवानगी लागत नाही."

तेव्हापासून फ्रेमवाला दुपारी दुकान बंद करून त्या बाकावर बसू लागला. मांडीवर एक कोरा अर्ज असायचा, म्हणजे कुणी हटकत नसे. लोक यायचे, भिंतीकडे बघून कुणी खुलायचं, कुणी कपाळाला आठ्या घालून पुढच्या खिडकीकडे वळायचं. तो मात्र टक लावून बघायचा आणि ओठातल्या ओठात सांगायचा की नळ पुन्हा गळतोय, लेकीला सर्दी झालीय, वरण आज बरं जमलं होतं. लेकीला त्याने रविवारी सांगितलं, "लावला फोटो. छान दिसतोय." ती फोनवरच रडली. त्यालाही रडू आलं, पण ते त्याने फोन ठेवेपर्यंत दाबून धरलं.

एका दुपारी तिथला शिपाई शेजारी येऊन टेकला. "काका, तो व्हिडिओ बघून वाटलं होतं तुम्ही तिकडचे. पण फोटोतल्या आमच्या साहेबांवर तुमचा फारच जीव दिसतो."

"हं," फ्रेमवाला म्हणाला. मग त्याने विचारलं, "पाच वर्षांनी फोटो बदलतीलच ना?"

"छे, काय बोलता काका! लोक बघा किती खूश आहेत. पाच कसली, दहा वर्षं कुणी हलवत नाही यांना. लिहून घ्या माझ्याकडून."

शिपाई छाती फुगवून निघून गेला. फ्रेमवाला एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने दालनात इकडेतिकडे पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं.

"ऐकलंस ना?" तो भिंतीला म्हणाला. "तू थांब. मला किती थांबता येतं ते बघतो."