घटातला पिवळा मका

शहाण्णव सालच्या दसऱ्याला शिवकन्या केदारखेड्यात एसटीतून उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत आईसाठी मऊ सुती रुमाल होता. डोक्याला बांधायला. आईची, गोजरबाईची, छातीतली गाठ उन्हाळ्यात ऑपरेशननं काढली होती. पुढची इंजेक्शनं नेमानं घ्या, केस जातील पण बाई वाचेल, असं औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले होते. त्या भरवशावरच शिवकन्या हैदराबादला आपल्या प्रयोगशाळेत परत गेली होती.

गोजरबाई ओसरीवर बसली होती. शेजारची झुंबरबाई तिची वेणी घालत होती. वेणी चांगली मनगटाएवढी जाड.

"तुझ्या मायचा एक केस गेला न्हाई बघ!" झुंबरबाई कौतुकानं म्हणाली. "आमच्या साळूबाईचं डोकं त्या सुयांनी पार भोपळा झाल्तं. लेकीच्या औषधाचा गुण! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

शिवकन्येनं पिशवीतला रुमाल आत सारला. इंजेक्शनं घेतली असती तर हे केस राहिलेच नसते. आणि लेकीचं औषध म्हणजे कुठलं?

तिचे वडील, पुंजाराम, देवाच्या खोलीत होते. खिडकीला पोतं ठोकलेलं, आत मिट्ट अंधार आणि भिंतीकडेनं मातीनं भरलेल्या पाट्याच पाट्या. घटात धान उगवतं तसा सगळ्यांत मका उगवलेला, पिवळाधमक. पुंजाराम पाट्यावर कोंब वाटत होते.

"ये बाई. तुझंच औषध करून राह्यलो."

तेव्हा तिला आठवलं. उन्हाळ्यात दवाखान्याच्या पायरीवर बाप लेकरासारखा रडत होता, म्हणून तिनं त्याला आपलं काम समजावून सांगितलं होतं. शरीरातल्या पेशींना वाढायला पॉलिअमाइन नावाचं द्रव्य लागतं, कॅन्सर तर ते अधाशासारखं वापरतो. अंधारात उगवलेल्या मक्याच्या कोंबात एक एन्झाइम असतं, ते त्या द्रव्याचे तुकडे करतं. "आपल्या घटासारखाच मका रुजवतो आम्ही, बापू." पण हे अजून काचेच्या भांड्यात आणि उंदरांवरच चाललंय, हेही ती म्हणाली होती. रडणाऱ्या माणसाला 'पण'च्या पुढचं ऐकू येत नाही. त्यात या बापाला लेकीचा अभिमान एवढा, की गावात कुणी शिंकलं तरी म्हणायचा, आमच्या शिवकन्येला विचारा.

"आणि इंजेक्शनं?"

"पहिल्याच सुईनं ती मरायला टेकल्ती. म्हणली, लेकीचं औषध असताना परक्याची सुई कशाला? मंग दोन्ही टाइम ताजा रस देतो. बराबर."

"फोनवर सांगायचं होतं ना, बापू!"

"सांगितलं असतं तर शिकणं सोडून पळत आली असती तू."

पोटात गेलेलं एन्झाइम डाळीसारखं पचून जातं, त्यातलं काही उरत नाही. हे तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आई रसाचा पेला न्यायला दारात आली, लेकीकडे बघून हसली आणि एका दमात पिऊन टाकला. शिवकन्येला वाटलं, उन्हाळ्यात त्या पायरीवरच आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं दोघांना औरंगाबादला नेलं. दुखणं यकृतात पसरलं होतं. इतके दिवस कुठं होतात, असं डॉक्टर म्हणाले, आणि आता घरीच ठेवा म्हणाले.

बाहेर पुंजारामांनी लेकीचा हात धरला.

"खिडकीच्या पोत्याला एक भोक हाय, बाई. मला दिसलं व्हतं. म्हणलं, एवढ्याशा उजेडानं काय व्हतं? त्यानंच कोंब बिघडले का गं?"

खरं सांगावं तर बाप जागीच मेला असता. गप्प बसावं तर त्या भोकाकडे बघत जन्म काढला असता.

"न्हाई बापू," ती म्हणाली. "तुमचा मका बिलकुल बराबर होता. माझंच औषध अजून कच्चं होतं."

पुंजारामांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "व्हईल गं बाई. तू शोधशील." आता मात्र तिचा बांध फुटला.

गोजरबाई दिवाळीनंतर गेली. झुंबरबाईनं रडत रडत तिची वेणी घातली. पुंजारामांनी अंधाऱ्या खोलीतून मक्याच्या कोंबांचा पिवळा तुरा आणून तिच्या वेणीत खोवला. रुमाल शिवकन्येच्या पिशवीतच राहिला. आईचा एकही केस गेला नव्हता.