चांदीच्या गळ्यातून सोमेश्वरच्या कमरेला

आधीच माफी मागते. मी पितळेची घंटा. मला वाजता येतं, लिहिता येत नाही. माझं बोलणं उतरवून घेणाऱ्यानं आठवीत शाळा सोडली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

नेकनूरच्या बाजारातून बंकटरावांनी मला आणलं आणि चांदी नावाच्या बकरीच्या गळ्यात बांधलं. कपिलधारच्या उतारावर आम्ही रोज चरायला जायचो. कळपातली एक घंटा बोरीखाली वाजायची, एक ओढ्याकाठी. चांदी हावरट, म्हणून मी सगळ्यांत जास्त. बंकटरावांचा मुलगा सोमेश्वर नुसत्या किणकिणीवरून डोळे मिटून सांगायचा, कोण कुठं आहे. लाजाळू पोरगा. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे, बकऱ्यांशी मात्र दिवसभर गप्पा.

एक दिवस तो बोलता बोलता थांबला. नजर समोर, ओठ चघळल्यासारखे हलत होते. चांदीनं हाताला ढुशी दिली तरी त्याला पत्ता नाही. मग तो कोसळला आणि अंग झटके देऊ लागलं. बंकटराव पायातली चप्पल काढून पळत आले आणि त्याच्या नाकाला लावून बसले. थोड्या वेळानं झटके आपोआप थांबले. नाव चपलेचं झालं.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते सोमेश्वरची आई साखराबाई गोठ्याशी बसून शेजारणीला सांगत होती. "डोक्यातल्या पेशी आपापलं काम करत एकमेकींशी बोलत्यात म्हणं. फिट आली की लई पेशी एकदम, एकाच तालात उसळत्यात. तसं डोकंभर पसरलं, की माणसाची शुद्ध जाती. मी इचारलं, कुत्रं आल्यावर समद्या बकऱ्या उधळत्यात, तसं का? बाई हासल्या, तसंच म्हणल्या."

मला ते लगेच पटलं. सगळ्या घंटा एकदम वाजल्या की आवाज खूप होतो, पण कोण कुठं आहे ते कुणालाच कळत नाही.

गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी झाल्या. बंकटरावांचा जीव मात्र थाऱ्यावर येईना. त्यांनी मला चांदीच्या गळ्यातून सोडवलं आणि सोमेश्वरच्या करदोड्याला बांधलं. "पडला तर आयकू तरी यील."

त्याचा मित्र सुग्रीव भेटला की विचारायचा, "काय बे, दूध किती देतो?" सोमेश्वर हसायचा. पण पुढं मी वाजू नये म्हणून मला मुठीत धरून चालायचा.

मग पालीहून पाहुणे घर बघायला आले. हट्टानं मुलगीही आली, अंजू तिचं नाव. बंकटरावांनी मला आधीच सोडवून ज्वारीच्या पोत्यामागं टाकलं होतं आणि सोमेश्वरला बजावलं होतं, "फिटचं नाव काढू नको. लग्न झाल्यावर सांगू."

पोहे आले. सोमेश्वर उठला, मला बाहेर काढलं आणि पाहुण्यांपुढं ठेवलं. या वेळी त्यानं मला मुठीत दाबलं नाही, त्याच्याआधी मीच बोलले.

"मला फिट येती," तो म्हणाला. "गोळी चालू हाय. आबा ही माज्या कमरेला बांधत्यात."

बंकटरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"फिट आल्यावर कसं वाटतं?" अंजूनं विचारलं.

"काय म्हाईत. मी तवा नसतोच. उठल्यावर मायच्या तोंडावरनं कळतं, येऊन गेली म्हणून."

"मंग जवळच्यानं काय करायचं?"

"कुशीवर वळवायचं," साखराबाई म्हणाली. "दाबून धरायचं न्हाई, तोंडात काय घालायचं न्हाई. पाच मिंटाच्या वर गेली तर दवाखाना."

"आन् चप्पल?" अंजूच्या वडिलांनी विचारलं.

"पायात," बंकटराव हळूच म्हणाले.

अंजूला हसू फुटलं. तिनं मला उचलून कानाशी वाजवून बघितलं. "संगट माणूस आसल्यावर हिचं कमरेला काय काम? बकरीला बांधा." मग वडिलांकडं वळून म्हणाली, "दादा, मला पसंत हाय."

आता माझ्यावर चरे पडलेत, आवाज तेवढा शाबूत आहे. एवढंच मागते, कुणाला फिट आली तर त्याच्याजवळ थांबा. तो परत येईपर्यंत कुणीतरी तिथं असावं.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेश्वरनं गोळी घेतली, मला चांदीच्या गळ्यात बांधलं आणि सुग्रीवला संगट घेऊन उतार गाठला. तिथं तो डोळे मिटून बसला. मी वाजले.

"बोरीखाली," तो म्हणाला.