भंडारा लावलेली चिप

खुटबावच्या खंडोबाच्या सभामंडपात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. गावच्या अभ्यासिकेसाठी पंचायत कम्प्युटर घेणार होती, म्हणून टेबलावर दोन नमुने शेजारी शेजारी मांडले होते. एकावर निळं स्टिकर, दुसऱ्यावर लाल. मागे भगव्या जाकिटातले यंत्रगुरू रविराज उभे होते. पूर्वी ते शिरूरला एका दुकानात कम्प्युटर दुरुस्त करायचे. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या पाया कोणी पडत नाही, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं.

"मंडळी, चिप म्हंजी यंत्राचा आत्मा," गुरू म्हणाले. "लाल चिप तामसी. लवकर तापती, लवकर दमती. निळी सात्त्विक, आन् तिच्यात मी मंत्र भरलाय. आता तुमच्या डोळ्यांनीच बघा."

दोन्ही यंत्रांना एकच काम लावलं. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचा मोठा व्हिडिओ मोबाईलवर पाठवण्याएवढा लहान करायचा. निळ्यानं दोन मिनिटांत उरकलं. लाल मात्र पाच मिनिटं झाली तरी रखडतच होतं. येळकोटाचा गजर झाला. पहिल्या रांगेतल्या पुतळाबाईंनी मूठभर भंडारा निळ्या यंत्रावर उधळला आणि त्यातला निम्मा पंख्याच्या जाळीतून सरळ आत गेला.

शेवटच्या रांगेत करुणाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. गावच्या शाळेत त्या एकवीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. या काळात त्यांनी पाण्यावर पेटणारा दिवा पाहिला, लिंबातून निघणारं रक्त पाहिलं. दर वेळी त्यांनी युक्ती उघडी पाडली, लोकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या वर्षी नवा बुवा आला. खरं सांगायचं तर त्यांना या सगळ्याचा वीट आला होता. घरी जाऊन पडावं, गावानं आपलं काय ते बघावं, असंच मनात येत होतं.

पण पुढे सोनम बसली होती. सदतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. सरकारी भरतीची ऑनलाइन परीक्षा द्यायची तिची ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडली जाणार होती. मागच्या खेपेला उत्तरं येत होती, पण यंत्रावर हात बसलेला नव्हता आणि वेळ संपली. अभ्यासिकेत लाल चिपचे साधे दहा कम्प्युटर आले, तर तिला रोज तासभर मिळाला असता. तेवढ्याच पैशात गुरूंची सिद्ध यंत्रं चारच येत होती. चारांवर तरण्या पोरांचीच झुंबड उडणार, सोनमची पाळी आठवड्यातून एकदा आली तरी नशीब. आणि सरपंच आण्णांनी तर खरेदीच्या कागदावर सही करायला पेनही काढलं होतं.

करुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आण्णा, तुम्ही तीस वर्षं शर्यतीच्या घाटात घड्याळ धरता. एका जोडीला रिकामा गाडा आणि दुसरीला दगडांनी भरलेला दिला, तर त्या धावेची बारी धराल का?"

"कशी धरीन? गाडा तपासल्याबिगर मी बारी सोडूच देत न्हाई."

"मग आज कुणी तपासला?"

बैलाचे दात मोजून बघणारं हे गाव, पण यंत्रापुढे सगळ्यांनी आधीच हात जोडले होते. परक्याचा हात लागला तर सिद्धी उतरते, असं गुरू घाईघाईनं सांगू लागले. मघाशी निळ्या यंत्राच्या पोटात हळद गेली तेव्हा ती कशी उतरली नाही, असं विचारून बाई लाल यंत्रापुढे जाऊन बसल्या.

सेटिंग उघडायला अर्धं मिनिट लागलं. चिपची कमाल गती तीस टक्क्यांवर बांधून ठेवली होती. वीज वाचवण्यासाठी अशी सोय यंत्रात असते. इथं ती लालला हरवण्यासाठी वापरली होती. बाईंनी पडदा लोकांकडे फिरवला, तीसचे शंभर केले आणि दोन्हीकडे पुन्हा तोच व्हिडिओ लावला. वेळ आण्णांनी मोजला. निळ्याला दोन मिनिटं पाच सेकंद लागले, लालला दोन मिनिटं तीस.

"फरक हाय की मॅडम," म्हस्कू म्हणाला. गुरूंना गावात त्यानंच आणलं होतं.

फरक आहेच, खोटं कशाला सांगू, असं म्हणून बाईंनी समजावलं. दोन कंपन्या, दोघींची कारागिरी वेगळी. चिपच्या आत काम करणारे भाग असतात, ऊसतोडीच्या टोळीत कोयते असतात तसे. एकीत कोयते जास्त, दुसरीत कमी पण हात चपळ. व्हिडिओसारखा मोठा फड असेल तर जास्त कोयते कामी येतात. परीक्षेच्या सरावाला दोन-चार पुरतात, बाकीचे बांधावर बसून राहतात आणि त्यांची मजुरी मात्र आपण भरतो. कोणती चिप चांगली, हे आपलं काम काय यावर ठरतं.

गुरू तोवर वायरी गुंडाळत होते. दौंडला दुसरा कार्यक्रम होता म्हणे. तिथंही मंडप भरणार, हे बाईंना ठाऊक होतं.

"चुकलं आमचं," आण्णा म्हणाले. "आता मॅडम, तुमी म्हणाल तसं. तुमच्यावर इस्वास हाय."

हे ऐकून करुणाबाईंना दिवसातला सगळ्यात जास्त थकवा आला. बुवाची गादी रिकामी झाली नाही, तोच गाव त्यांना तिच्यावर बसवायला निघालं होतं.

"माझ्यावर ठेवू नका, आण्णा. उद्या मीही चुकेन. कुणी काहीही दाखवलं तरी आधी उघडून बघा, घड्याळ आपलं लावा आणि आपल्याला जे काम करायचंय तेच करून बघा. एकवीस वर्षं मी एवढंच मागतेय."

मग सोनम पदर खोचून उठली. मोबाईलचं इंटरनेट जोडून तिनं लाल यंत्रावर सराव परीक्षा उघडली आणि आण्णांना घड्याळ लावायला सांगितलं. दहा प्रश्न तिथं सोडवले, पुढचे दहा निळ्यावर. दोन्हीकडे प्रश्न क्षणात उघडत होता. वेळ जात होता तो तिचा हात माऊसवर चाचपडत होता म्हणून, आणि तो दोन्हीकडे सारखाच जात होता.

"दोन्ही यंत्रं माझ्या पुढंच पळत्यात, आण्णा," ती म्हणाली. "मागं राहतोय त्यो माझा हात. त्याला मंत्र नको, रोज तासभर सराव पायजे. दहा घ्या."