शालूबाईंची वरची खोली

मंगळवार पेठेतल्या एका बोळात महादेवाचं लहानसं देऊळ आहे. तोंड पश्चिमेला, जरासं दक्षिणेकडं कललेलं. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी सरताना, मावळतीचं ऊन उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरतं आणि पिंडीवर चढतं. दोन-तीन दिवसांचा खेळ. अंबाबाईच्या किरणोत्सवासारखा त्याचा गाजावाजा नाही, पण पेठेतली माणसं ते दिवस चुकवत नाहीत. गेली चार वर्षं मात्र ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन विझत होतं. माणसं हात जोडून उभी राहायची आणि तशीच घरी जायची.

देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष सोमशेखर अण्णा. त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको निर्मला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी तिला बोलावून घेतलं.

"तुझी ती मशिनं आण आणि किरणं कुठं अडतात ते मोजून दे. आमच्या बोलण्याला कोण किंमत देत न्हाई. प्रोफेसरनं लिहून दिलं म्हणजे बोलायला जागा राहत न्हाई."

कुठं अडतात हे अण्णांनी आधीच ठरवलेलं होतं आणि पेठेत बोलूनही दाखवलं होतं. देवळासमोर, बोळाच्या उताराकडच्या टोकाला शालूबाईंचं घर होतं. खाली एक अंधारी, ओल धरणारी खोली. तिच्यावर नवऱ्यानं चार-पाच वर्षांपूर्वी विटा रचून आणि पत्रे टाकून बांधलेली दुसरी. नवरा गेल्यावर शालूबाई त्या वरच्या खोलीवरच जगत होत्या. मिरच्या, खोबरं, कांदा तिथं वाळायचा, आणि वर्षाची चटणी करून घ्यायला अर्धी पेठ त्यांच्याकडं यायची.

पहिल्या दिवशी निर्मला उजेड मोजायचं यंत्र आणि आतून काळी केलेली पुठ्ठ्याची नळी घेऊन आली. देवळाचे पुजारी ज्ञानू गुरव तिच्या मागे मागे फिरत होते.

"मॅडम, ही नळी कशाला?"

"हिच्यातून सूर्याकडून सरळ आलेला उजेडच तेवढा आत जातो, काका. इकडचा तिकडचा बाहेर राहतो."

"उजेडात इकडचा तिकडचा असतोय व्हय?"

"असतो की. हवेत धूळ असते, धूर असतो. ऊन त्या कणांवर आदळतं आणि चहूकडं पांगतं. त्यात मावळतीचा सूर्य इतका खाली असतो, की दुपारच्या वीसपट हवा ओलांडून त्याला यावं लागतं. सगळं आभाळ पांढुरकं उजळतं, पण देवापर्यंत सरळ जाणारा किरण उरत नाही."

त्या संध्याकाळी सूर्य तांबड्या थाळीसारखा दिसत होता. डोळे न मिचकावता त्याच्याकडं बघता येत होतं. शालूबाईंच्या पत्र्याच्या चांगला दोन बोटं वर असतानाच उंबऱ्यावरचं ऊन फिकट पडलं आणि गेलं. नळीतून यंत्रावर आलेला आकडा होता नव्वद. निर्मलानं वहीत वेळ लिहिली, सूर्याची उंची लिहिली. पत्र्याचा इथं संबंध नाही हे तिला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अवेळी पाऊस आला. तास-दीड तास धो धो कोसळला. आभाळ भरलेलं बघून संध्याकाळी कुणीच फिरकलं नाही. निर्मला ठरल्याप्रमाणे आली. सभामंडपात पाणी आलं होतं म्हणून शालूबाई खराटा घेऊन आल्या होत्या. साडेपाचला पश्चिमेकडचे ढग फाटले, आणि पावणेसहाच्या सुमाराला धुतलेल्या हवेतून ऊन बोळात उतरलं. ओल्या फरशीवरून सरकत ते उंबऱ्यावर आलं, आत गेलं, आणि बघता बघता पिंडीच्या माथ्यापर्यंत चढलं. काळा दगड सोनेरी झाला. ज्ञानू गुरवांनी घंटा वाजवली. शालूबाईंच्या हातातला खराटा गळून पडला.

"आलं की वो मॅडम!" त्या म्हणाल्या. "माझी खोली हाय तिथंच हाय, आनि ऊन आलं!"

नळीतला आकडा होता दोन हजार चारशे. निर्मलानं फोटोही काढला. ऊन पिंडीच्या माथ्यावर पोचल्यानंतर दोन मिनिटांनी सूर्य शालूबाईंच्या पत्र्याआड गेला. तोवर देवाचं सगळं होऊन गेलेलं.

निर्मलानं चार पानी अहवाल लिहिला. मुख्य कारण गेल्या काही वर्षांत हवेत वाढलेली धूळ आणि धूर. नोव्हेंबरपासून उसाची तोड सुरू होते, शिवारात पाचट पेटतं, गुऱ्हाळं धुरकटतात, उकरलेल्या रस्त्यांची माती उडते, गल्लोगल्ली कचरा जळतो. शेवटी तिनं प्रामाणिकपणे एक ओळ घातली: पश्चिमेकडील बांधकामामुळे अखेरच्या दोन मिनिटांचा प्रकाश अडतो, परंतु त्याचा पिंडीपर्यंत किरण पोचण्यावर परिणाम होत नाही.

अण्णांनी दुकानाच्या गादीवर बसून चारही पानं वाचली. फोटो बघितला.

"मोबाईलमध्ये सगळंच चकाकतं," ते म्हणाले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तू लिहिलंयस ना? बांधकामामुळं प्रकाश अडतो?"

"अण्णा, ते वाक्य पुढं वाचा. मुख्य कारण धूर आहे."

"धूर कुणाला काढायला सांगू? शिरोळपासून कागलपर्यंत फिरू? आपल्याच मळ्यात मल्लेश पाचट पेटवतोय. त्याचं नाव घालू का तुझ्या अहवालात?"

मल्लेश म्हणजे निर्मलाचा नवरा. नृसिंहवाडीजवळ त्यांचा ऊस होता. रात्री जेवताना तिनं विषय काढला, तर त्यानं ताटावरून मान वर केली नाही.

"अण्णांच्या आणि पेठेच्या मधी तू कशाला पडतेस? एक पत्र्याची खोली हाय. आणि पाचटाचं म्हणशील, तर सगळा शिवार पेटवतोय. मी एकट्यानं कुजवत बसलो तर हवा साफ होणार हाय का?"

यावर तिच्याकडं उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं.

आठवड्याभरात देवळाबाहेर फलक लागला. वर ट्रस्टचं नाव, खाली एकच वाक्य: 'पश्चिमेकडील बांधकामामुळे प्रकाश अडतो.' त्याखाली प्रा. निर्मला, पदार्थविज्ञान विभाग. अर्ध्यावर तोडलेलं वाक्य. निर्मलानं अण्णांना फोन केला.

"खोटं हाय का ते?" अण्णांनी विचारलं.

"खोटं नाही, पण अर्धं आहे."

"मग झालं तर. अर्धं खरं हाय."

शालूबाईंकडं चटणीला येणारी माणसं कमी झाली. नळावर बायका गप्प होऊ लागल्या. कुणीतरी त्यांच्या दारावर खडूनं लिहिलं, 'देवाचा उजेड सोडा.' डिसेंबरच्या सुरुवातीला अण्णांनी देवळातच पेठेची बैठक बोलावली. पन्नास-साठ माणसं आली. शालूबाई खांबाजवळ उभ्या होत्या. निर्मलाला अण्णांनी पुढं, खुर्चीवर बसवलं होतं. फोटो तिच्या पर्समधल्या मोबाईलमध्ये होता.

बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, परवाना कुठाय? कुणी म्हणालं, चार वर्षं देव अंधारात हाय. आवाज खाली बसल्यावर शालूबाई निर्मलाकडं वळल्या.

"ह्यांचं मी ऐकत न्हाई. ह्यांस्नी काय कळतंय? मॅडम, तुम्ही मोजलंयसा. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालासा तर उद्या मी माझ्या हातानं काढते. खोली अडवतीया का?"

निर्मला उठली. "अडवते, थोडं. पण..."

"अडवते म्हणाल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. गलका झाला. अण्णांनी हात वर केला, "झालं, मॅडमनी सांगितलं," म्हणाले, आणि निर्मलाकडं बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाकडं बघावं तसे ते बघत होते. एवढा गलका शमला की उरलेलं बोलायचं, असं निर्मलानं ठरवलं. गलका शमला तेव्हा ती खाली बसलेली होती आणि लोक चहाचे कप घेत होते. ज्ञानू गुरव समईत तेल घालत होते. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

शालूबाईंनी खोली काढली. दोन गवंडी होते, पण पहिला पत्रा त्यांनी स्वतः उचलला. विटा बोळात रचून ठेवल्या, त्या कुणीकुणी नेल्या. खालच्या खोलीत ओलीनं मिरच्यांना बुरशी धरली. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी चटणीचं काम बंद केलं आणि राजारामपुरीत क्लासच्या पोरांच्या खानावळीत भाकऱ्या थापायला लागल्या.

जानेवारीअखेर किरणांचे दिवस आले. या वेळी बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. शालूबाईंच्या घरावर नुसतं आभाळ होतं. अण्णांनी नवं धोतर नेसलं होतं, फुलांची आरास होती, शंभरभर मोबाईल वर धरलेले होते. उसाचा हंगाम ऐन भरात होता आणि दुपारपासूनच लांबच्या झाडांच्या कडा पुसट झाल्या होत्या. सहा वाजून गेल्यावर सूर्य तांब्याच्या रंगाचा झाला, मग विटकरी. उंबऱ्यावर एक तांबूस डाग उमटला. मुंगीच्या चालीनं दोन बोटं पुढं सरकला आणि दिसेनासा झाला. सूर्य अजून वर होता. त्याच्या आणि देवाच्या मध्ये एक वीटही नव्हती.

मग अण्णांनी डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडं बघितलं.

"त्या मागच्या इमारतीवर पाण्याची टाकी दिसतीया बघ. निर्मला, उद्या तेवढं मोजून घे."

"टाकी नाही," निर्मला म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "कुठलीच भिंत नाही. धूर आहे. नोव्हेंबरात पाऊस पडून गेला त्या दिवशी ती खोली होती, तरी ऊन पिंडीच्या माथ्यावर आलं होतं. मी बघितलंय. ज्ञानूकाकांनी बघितलंय."

सगळे ज्ञानू गुरवांकडं वळले. म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"आता नीट ध्यानात न्हाई," ते म्हणाले.

"मग काय करूया?" अण्णा हसून लोकांना म्हणाले. "रोज पाऊस पाडूया?"

लोक हसले. निर्मलानं मोबाईल काढून फोटो दाखवला. दोघा-तिघांनी तो हातात घेतला, मोठा करून बघितला, 'लई झ्याक आलाय' म्हणाले आणि परत दिला. गर्दी पांगली.

दुसऱ्या दिवशी ती खानावळीत गेली. शालूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. परातीत पीठ, शेजारी भाकऱ्यांची चवड. निर्मला त्यांच्याजवळ खाली बसली.

"काल ऊन आलं नाही," ती म्हणाली.

"कळलं मला."

"माझी चूक झाली, शालूबाई. मी पुढचं बोलायला पाहिजे होतं."

शालूबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"अण्णांनी दहा वर्सं सांगितलं असतं तरी मी काढली नसती. तुम्ही म्हणालासा म्हणून काढली. मला वाटलं, मीच त्या दिवशी चुकीचं बघितलं असंल. पावसाचा दिवस, वय झालंय, काय तरी भास झाला असंल. एवढी शिकलेली बाई अडवतंय म्हणतीया म्हणजे अडवत असणार."

निर्मलानं चवडीवरची कलंडलेली भाकरी सरळ केली.

"एवढंच सांगा," शालूबाई म्हणाल्या. "आलतं का न्हाई त्या दिवशी?"

"आलं होतं."

त्यांनी मान हलवली. भाकरी उलटली. ती फुगली तशी चिमट्यानं धरून चवडीवर ठेवली आणि पिठाचा नवा गोळा घेतला.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "पोरं येतील आता जेवायला."